झुकलेलं चाक

गाडी चौकटीतून निम्मी निघून गेली आहे. इंजिन, पुढची चाकं, सगळं उजव्या कडेपलीकडे. आपल्या वाट्याला उरलं आहे ते टाकीवर ठसठशीत रंगवलेला ६ आकडा, गाडीत बसलेले दोघं आणि मागचं एक चाक. ते चाक गोल नाही. ते लंबगोल झालं आहे आणि जायच्या दिशेला इतकं झुकलं आहे की माथा तळाला मागे टाकून आधीच पुढे निघाल्यासारखा दिसतो. खालचा रस्ता म्हणजे नुसते आडवे फराटे. डाव्या अंगाला, रस्त्याच्या कडेला शर्यत बघायला जमलेली माणसं उभी आहेत आणि ती सगळी उलट्या दिशेला कललेली आहेत. गाडीच्या झोताने ती मागे रेलली असावीत असं क्षणभर वाटतं. पण मग खांब? खांबही कललेले आहेत, आणि ते काही गाडीला घाबरून मागे सरत नाहीत.

जाक आंरी लार्तिग या फ्रेंच तरुणाने काढलेलं हे छायाचित्र. फ्रान्सच्या ऑटोमोबाइल क्लबच्या ग्रां प्री शर्यतीचं. वेगाचं चित्र म्हटलं की छायाचित्रणाच्या पुस्तकांत हे हटकून येतं, आणि त्याखाली 'गतीचा थरार' वगैरे लिहून लोक मोकळे होतात. मला ते पुरेसं वाटत नाही. या चित्रात गाडीचा वेग आहे, ते काढणाऱ्याच्या हाताचा वेग आहे आणि कॅमेऱ्याच्या आत सरकणाऱ्या पडद्याचाही वेग आहे. तिघांचा मेळ बसलेला नाही आणि चित्र उभं आहे ते या न बसलेल्या मेळावर. पहिल्या दोन वेगांचं कौतुक पुष्कळ झालं. पडद्याकडे सहसा कुणी बघत नाही. जुने फिल्म कॅमेरे बाळगणाऱ्या माणसाला मात्र आधी पडदाच दिसतो, कारण त्याच्या निम्म्या तक्रारी तिथूनच सुरू होतात.

शटर एका फटक्यात उघडतं आणि एका फटक्यात मिटतं अशी आपली समजूत असते. लार्तिगच्या कॅमेऱ्यातलं शटर तसं नव्हतं. प्लेटच्या अगदी पुढ्यात एक पडदा, त्या पडद्याला एक अरुंद फट, आणि बटण दाबलं की ती फट प्लेटवरून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकत जाते. यालाच फोकल प्लेन शटर म्हणतात. फट ज्या पट्टीवर असेल तेवढ्याच पट्टीवर त्या क्षणी प्रकाश पडतो. म्हणजे प्लेटवरच्या प्रत्येक बिंदूला प्रकाश मिळतो तो सेकंदाच्या एखाद्या बारीक अंशापुरता, पण सगळी प्लेट उजळून व्हायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. चित्राची एक कड एका क्षणाची, दुसरी कड नंतरच्या क्षणाची, आणि मधे सलग सगळे क्षण एकाखाली एक लागलेले. समोरचं जग स्थिर असेल तर याचा पत्ताही लागत नाही. घर, डोंगर, फोटोसाठी अवघडून बसलेले काका, सगळे सरळ येतात. पण समोरचं काही पळत असेल तर फट पुढच्या पट्टीवर पोचेपर्यंत ते सरकलेलं असतं.

आता ते चाक पुन्हा बघू. कॅमेऱ्यात प्रतिमा उलटी पडते, म्हणजे चाकाचा तळ प्लेटवर वरच्या बाजूला. फट वरून खाली आली. म्हणून तळ आधी नोंदला गेला आणि माथा नंतर. मधल्या वेळात गाडी पुढे गेली, म्हणून माथाही पुढे. हिशेबासाठी धरून चालू की गाडी ताशी १०८ किलोमीटर वेगाने जाते आहे, म्हणजे सेकंदाला ३० मीटर, आणि फटीला चाकाच्या तळापासून माथ्यापर्यंत यायला १/१०० सेकंद लागला. तेवढ्यात गाडी ३० सेंटीमीटर सरकली. मोटारीच्या चाकाला ३० सेंटीमीटरचा कल म्हणजे डोळ्यांत भरण्याजोगा कल. तिरकस कोनातून पाहिलेलं चाक लंबगोल दिसतंच, हे खरं. पण ते उभं लंबगोल असतं, पुढे झुकत नाही. झुकाव सगळा पडद्याचा.

कॅमेरा जागच्या जागी धरलेला असता तर गोष्ट इथेच संपली असती: चाक झुकलेलं, माणसं सरळ. उलट लार्तिगने गाडीबरोबर कॅमेरा अगदी अचूक फिरवला असता, तर गाडी चौकटीत एका जागी थांबली असती, चाक ताठ आलं असतं आणि फक्त माणसं कलली असती. या चित्रात दोन्ही झुकतात, तेही एकमेकांच्या विरुद्ध. याचा अर्थ एकच निघतो. हात गाडीबरोबर फिरला, पण गाडीला गाठू शकला नाही. चौकटीच्या हिशेबात गाडी उरलेल्या वेगाने पुढे सरकत राहिली आणि रस्त्याकडेचं जग हाताच्या वेगाने मागे. गाडीच्या निम्म्या वेगाने हात फिरला असेल तर दोन्हीकडचा कल सारखा येईल. हात त्याहून चपळ असेल तर माणसं जास्त झुकतील, मंद असेल तर चाक. या दोन कोनांची तुलना करून शंभरेक वर्षांपूर्वी एका तरुणाचा हात किती झपाट्याने फिरला ते आज टेबलावर बसून काढता येतं. एखाद्या चित्रकाराच्या फटकाऱ्यातून त्याच्या मनगटाचा वेग कळतो म्हणतात. इथे तो अक्षरशः मोजता येतो.

गाडीचा पुढचा भाग चौकटीबाहेर गेला तोही याच कारणाने. हात मागे पडला, गाडी निसटली. पण ती निसटली म्हणून चित्र जिवंत झालं. सगळी गाडी मधोमध आली असती तर झुकलेलं चाक हा एक विनोद होऊन बसला असता, जत्रेतल्या आरशातल्या प्रतिमेसारखा. कापली गेल्यामुळे तिच्यात एक निकड आली. डावीकडे स्थिर राहणाऱ्यांचा जथा, उजवीकडे निघून जाणारं यंत्र, दोघांचे कल परस्परविरुद्ध, आणि त्यामुळे चौकटीच्या मधोमध एक ताण. चित्र दोन्ही बाजूंनी ओढलं जातंय असं वाटत राहतं. आणि या ओढाताणीत तो ६ मात्र स्वच्छ वाचता येतो, हे मला फार आवडतं. सगळं जग तिरपं झालं तरी आकडा आपली जागा सोडत नाही.

तो आकडा पुढे साक्षीदार म्हणूनही कामी आला. पुष्कळ वर्षं या चित्राखाली १९१२ साल आणि दिएपची शर्यत असं छापलं जायचं, गाडी दलाज कंपनीची म्हणून सांगितली जायची. नंतरच्या संशोधनात गाडीचा आकार आणि तो ६ नंबर जुळवून पाहिल्यावर कळलं की ही तेओडोर श्नायडर कंपनीची गाडी, चालक मॉरिस क्रोके, शेजारी त्याचा मेकॅनिक, आणि शर्यत १२ जुलै १९१३ ची, आमियँची. ती शर्यत प्यूजो गाडीतून जॉर्ज ब्वालोने जिंकली. त्या वर्षी नियम असा होता की दर १०० किलोमीटरला २० लिटरहून जास्त इंधन जाळायचं नाही, म्हणजे हे वेगाचे वीर मागच्या टाकीतल्या काट्याची काळजी करत धावत होते. लार्तिगचा जन्म १३ जून १८९४ चा. म्हणजे चित्र काढलं तेव्हा तो नुकताच १९ वर्षांचा झाला होता. एका वर्षाच्या फरकाने चित्राच्या गुणवत्तेत काही उणंअधिक होत नाही, पण झुकलेल्या, ताणलेल्या, निम्म्या कापलेल्या चित्रातूनही गाडी ओळखता आली याची गंमत वाटते. शटरने आकार बिघडवला, पुरावा बिघडवला नाही.

लार्तिग सुखवस्तू घरातला. वडिलांनी १९०२ मध्ये त्याला कॅमेरा दिला तेव्हा तो जेमतेम ८ वर्षांचा होता. विमानं, सायकली, उड्या मारणारे भाऊबंद, टोप्या सांभाळत चालणाऱ्या बायका, जे जे हलतं ते त्याने टिपलं आणि अल्बमांत लावून ठेवलं. पण स्वतःला तो चित्रकार समजायचा. आणि ज्या चित्रासाठी आज त्याचं नाव निघतं ते त्याने तेव्हा फसलेलं म्हणून बाजूला ठेवलं होतं. ते बाहेर आलं पन्नासच्या दशकात. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये जॉन झारकोव्स्की यांनी त्याचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा लार्तिग ६९ वर्षांचा होता. त्याच वर्षी 'लाइफ' साप्ताहिकाने त्याची छायाचित्रं छापली ती २९ नोव्हेंबरच्या अंकात. तो केनेडींच्या हत्येचा अंक, त्यामुळे तो घराघरांत गेला आणि जपून ठेवला गेला. त्यानंतर लार्तिगला मागे वळून पाहावं लागलं नाही.

मधली चाळीस वर्षं हे चित्र फसलेलं का मानलं गेलं? त्या काळच्या कसोट्या बघितल्या तर उत्तर सोपं आहे. विषय कापलेला, उभ्या रेषा तिरप्या, रस्ता पुसट. छायाचित्रण क्लबातल्या परीक्षकाने तीन गुण कापून परत केलं असतं. गंमत म्हणजे त्याच सुमाराला चित्रकार मंडळी नेमकी हीच गोष्ट कष्टाने साधू पाहत होती. मारिनेत्तीचा फ्युचरिस्ट जाहीरनामा पॅरिसच्या 'ल फिगारो'त १९०९ मध्येच छापून आला होता. त्यात धावत्या मोटारीची आरती ओवाळली होती. जाकोमो बाल्लाने १९१२ मध्ये साखळी बांधलेल्या कुत्र्याचे डझनभर पाय रंगवून हालचाल दाखवली. लार्तिगचा या कशाशी संबंध नव्हता. त्याच्याकडे जाहीरनामा नव्हता, कापडाचा एक पडदा होता. पुढे व्यंगचित्रकारांनी आणि जाहिरातवाल्यांनी धावती गाडी काढताना चाकं पुढे झुकवायची रीतच पाडली, आणि आज पहिलीतलं पोरगंही तशी गाडी काढतं. आपल्या डोळ्यांना प्रत्यक्षात असं चाक कधीही दिसत नाही. तरी ते खरं वाटतं.

इथे एक भेद करायला हवा, कारण जुन्या कॅमेऱ्यांच्या प्रेमात पडलेली माणसं तो नेमका विसरतात. लार्तिगचं शटर बिघडलेलं नव्हतं. ते ठाकठीक होतं, आपल्या घडणीप्रमाणे चाललं होतं. झुकाव हा त्या घडणीचा स्वभाव. बिघाड ही वेगळी चीज आहे, आणि तीही चित्रात आपली सही करून जाते. ती सही वाचता आली की निम्मी दुरुस्ती झाली म्हणायची.

पस्तीस मिलिमीटरच्या कॅमेऱ्यात पडदे दोन झाले. १९२५ मध्ये बाजारात आलेल्या लायकापासून पुढे झोर्की, फेड, पेंटॅक्स, कॅनन अशा कितीतरी कॅमेऱ्यांत रबर दिलेल्या कापडाचे दोन पडदे आडवे धावतात. पहिला पडदा फिल्म उघडी करत जातो, दुसरा त्याच्यामागून झाकत येतो, मधलं अंतर म्हणजे फट. वारीतल्या दोन दिंड्यांसारखं आहे हे: दोघींनी अंतर राखून एकाच चालीने चालायचं; मागची घाईला आली की मधली मोकळी जागा आटत जाते. आता आकडे बघा. ३६ मिलिमीटरची चौकट ओलांडायला पडद्याला १८ मिलिसेकंद लागतात असं धरलं, तर १/५०० च्या वेगाला फट होते ४ मिलिमीटरची आणि १/१००० ला अवघी २ मिलिमीटरची. दोन मिलिमीटर म्हणजे खेळ किती नाजूक आहे ते लक्षात घ्या. पन्नास-साठ वर्षांचं वंगण घट्ट झालं, एका पडद्याची स्प्रिंग थोडी थकली, पहिला पडदा दुसऱ्यापेक्षा अर्धा मिलिमीटर मागे राहिला, की प्रकाश पाव हिश्शाने घटला. दोन मिलिमीटर मागे राहिला की फट मिटलीच.

हे फोटोत कसं दिसतं? आकाशात. फिल्मवाल्यांनी जुना कॅमेरा तपासायचा तर पहिला रोल मोकळ्या आकाशावर खर्ची घालावा असं मी म्हणेन, समुद्र जवळ असेल तर उत्तमच. निळं, निर्मळ, सपाट आकाश वेगवान शटरवर टिपलं आणि प्रिंटमध्ये ते एका कडेकडे हळूहळू गडद होत गेलं, तर दुसरा पडदा पहिल्याला गाठतो आहे. एक कड अगदी काळी आली तर त्याने वाटेतच गाठलं आणि तिथून पुढे फिल्मला प्रकाश मिळालाच नाही. १/६० ला सगळं ठीक आणि १/१००० ला काळी पट्टी, असा प्रकार असेल तर शंकाच नको. नवखी मंडळी याचा दोष लॅबला देतात, लेन्सला देतात, फिल्मच्या एक्स्पायरी तारखेला देतात. लॅबचा डाग असा शिस्तीत एकाच कडेला प्रत्येक फ्रेममध्ये येत नाही.

मंद वेगांची दुखणी वेगळी. एक सेकंद, अर्धा सेकंद, १/८ हे वेग पडद्याच्या धावण्यावर नसतात. ते एका छोट्या दातेरी चक्रांच्या साखळीवर असतात, जी दुसऱ्या पडद्याला थोपवून धरते. चांगल्या कॅमेऱ्यात एक सेकंद सोडला की आतून सलग, एकसुरी गुंजन ऐकू येतं. वंगण सुकलेलं असलं की ते अडखळतं, मधेच थांबतं, कॅमेऱ्याला टिचकी मारली की पुन्हा चालू होतं. त्याला ऐकूनच ओळखतात; फोटो काढून बघायची गरज नाही. त्यावर लाइटरचं पेट्रोल ओतून मोकळं होणारे बहाद्दर असतात. दोन महिने चालतंही, कारण जुनं वंगण विरघळून चक्रांवरून आजूबाजूला पसरतं. नंतर तेच पुन्हा थिजतं, या वेळी जिथे अजिबात असायला नको तिथे.

लीफ शटरच्या कॅमेऱ्यांत, म्हणजे घडीच्या जुन्या जर्मन कॅमेऱ्यांत किंवा दोन डोळ्यांच्या रोलाइफ्लेक्स-याशिका घराण्यात, फट नसते. लेन्समध्ये बसवलेली पातळ पोलादी पानं मधून उघडतात आणि मधूनच मिटतात. त्यांना झुकाव नाही, एका कडेचा अंधार नाही. त्यांचं दुखणं उलट: तेल. या पानांना तेल लागतच नाही. ती कोरडी एकमेकांवरून घसरायला हवीत. उष्णतेने आजूबाजूचं वंगण पातळ होऊन त्यांच्यावर आलं की ती एकमेकांना चिकटतात आणि शटर सुस्तावतं. भिंगासमोर डोळा लावून १/२५० सोडला आणि पानं मिटताना दिसली, तर ती १/२५० नाही. डोळ्याला दिसण्याइतकं हळू काहीही त्या वेगाचं नसतं.

एक दुखणं मला विशेष आवडतं, कारण त्यात सूर्य गुन्हेगार असतो. लायका किंवा झोर्कीसारख्या कॅमेऱ्यात लेन्स आणि कापडी पडदा यांच्यामध्ये आरसा नसतो. टोपण न लावता कॅमेरा उन्हात ठेवला, लेन्स आकाशाकडे, तर ती भिंगाचं काम करते आणि पडद्याला भोक पाडते. शाळेत भिंगाने कागद जाळलेला आठवत असेल. मग पुढच्या प्रत्येक रोलवर त्याच जागी पांढरा ठिपका किंवा धूसर फराटा. कुणाच्या तरी सहलीतल्या दुपारी पडलेलं भोक, आणि त्याची नोंद वर्षानुवर्षं प्रत्येक चित्रात. अंधाऱ्या खोलीत मागचं झाकण उघडून लेन्सकडून टॉर्च मारला की ती भोकं चांदण्यांसारखी दिसतात. रबरी रंगाचा पातळ थर दिला की बुजतात, पण थर जाड झाला तर पडदा जड होतो आणि मग आकाशाच्या त्या गडद कडेची गोष्ट पुन्हा सुरू.

आपल्याकडच्या घरांत मात्र बहुतेक कपाटांत निघतो तो आगफा क्लिक थ्री. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला. त्याचं शटर म्हणजे एक स्प्रिंग आणि एक पत्रा, वेग निवडायची भानगड नाही. त्यात बिघडण्यासारखं इतकं कमी आहे की तो बिघडलेला मी फारसा पाहिला नाही. कोकणच्या पावसाळ्यात त्याच्या लेन्सवर बुरशी चढते, पण शटर टक्क वाजतं.

पडद्यांचा वेग मोजायची एक जुनी युक्ती आहे आणि ती मला लार्तिगच्या चित्राचं सख्खं भावंड वाटते. लागतो फक्त जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही. चॅनल नसलेल्या जागी लावायचा, म्हणजे पडद्यावर मुंग्या येतात. कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडायचं, लेन्स काढायची, टीव्हीकडे तोंड करून १/५०० किंवा १/१००० वर शटर सोडायचं आणि मागून बघायचं. क्षणभर एक तिरपी उजळ पट्टी दिसते. का तिरपी? टीव्हीचा इलेक्ट्रॉनचा झोत ओळीमागून ओळ रेखत वरून खाली येत असतो, आणि त्याच वेळी कॅमेऱ्याची फट आडवी धावत असते. दोन धावा एकमेकींना छेदतात ती जागा तिरपीच येणार. आपल्याकडच्या टीव्हीची एक ओळ ६४ मायक्रोसेकंदात रेखली जायची. म्हणजे १/१००० खरोखरच १/१००० असेल तर पट्टीच्या जाडीत साधारण १५-१६ ओळी बसतील, १/५०० असेल तर ३१. मोबाइलने त्याचा फोटो काढला तर ओळी मोजताही येतात. पट्टी एका टोकाला निमुळती झाली तर पडद्यांची चाल जुळत नाही. पट्टी वाटेतच संपली तर दुसऱ्याने पहिल्याला गाठलं. पट्टी वाकली तर धाव एकसारखी नाही. थोडा बाक मात्र चालतो, कारण स्प्रिंगने ओढलेले पडदे वाटेत वेग घेत जातात आणि त्यांच्यातलं अंतरही रुंदावत जातं, ते तसंच व्हायला हवं. दुरुस्ती करणारा माणूस त्या तिरप्या पट्टीकडे बघून कुठला स्क्रू किती फिरवायचा ते ठरवतो. आमियँच्या रस्त्यावरचं चाक आणि ही पट्टी, दोन्हींत तिरपेपणा म्हणजे वेळच आहे. फरक एवढाच की पट्टीकडे बघून कुणी उसासे टाकत नाही.

मग पुढचा प्रश्न: शटरच्या चुका सुंदर असतात का? हल्ली तसं म्हणण्याची फॅशन आहे. प्रकाश गळणारे, पडदे अडखळणारे कॅमेरे मुद्दाम शोधून घेतात, काळ्या कडांना 'कॅरॅक्टर' म्हणतात. माझा याला विरोध आहे. गडद होत जाणारं आकाश चित्राविषयी काहीच सांगत नाही. ते स्प्रिंगविषयी सांगतं. तुम्ही समोर आई बसवा, देऊळ उभं करा किंवा पोरांचा क्रिकेटचा डाव, ती कड प्रत्येक वेळी तशीच काळी येणार. समोर काय आहे याच्याशी तिचं देणंघेणं नाही. लार्तिगच्या चाकाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. तिथे विकृती समोरच्या हालचालीतून आली. गाडी थांबलेली असती तर चाक गोल आलं असतं, प्रेक्षक ताठ उभे दिसले असते. पडद्याने जगाला उत्तर दिलं, स्वतःचं रडगाणं गायलं नाही. म्हणून तो झुकाव रसाचा विषय होतो आणि ती काळी कड दुरुस्तीवाल्याचा.

ज्यांना याचा अनुभव आज घ्यायचा आहे त्यांना ग्रां प्रीला किंवा जुन्या बाजारात जायची गरज नाही. पुण्याहून मुंबईला जाताना गाडीच्या खिडकीतून मोबाइल आडवा धरून शेजारचे खांब टिपून पाहावेत. जवळचे खांब सरळ येतच नाहीत, ते कलतात. मोबाइलच्या सेन्सरला फट नसते, पण तोही चित्र ओळीओळीने वाचतो, एकदम नाही. १९१३ मधली काचेची प्लेट आणि खिशातला फोन यांच्यामधल्या काळात सगळं बदललं आणि खांब कललेलेच राहिले. गंमत अशी की फोन बनवणाऱ्या कंपन्या हा दोष घालवायला धडपडतात, आणि काही वर्षांनी कुणीतरी याचंही प्रदर्शन भरवेल.

पडद्याच्या घडणीत सुधारणा झाली ती त्याची वाट तोडून. ३६ मिलिमीटरची आडवी धाव टाकून २४ मिलिमीटरची उभी धाव घ्यायची, कापडाऐवजी धातूची हलकी पाती वापरायची. १९८२ मध्ये आलेल्या निकॉन एफएम टूमध्ये १/४००० चा वेग मिळाला आणि फ्लॅश १/२०० पर्यंत जुळू लागला. फ्लॅश जुळायचा तर सगळी चौकट एकाच वेळी उघडी असावी लागते, म्हणजे पडद्याला चौकट ओलांडायला मिळतात जेमतेम पाच मिलिसेकंद. लीफ शटरने तर झुकावाचा प्रश्नच येत नाही, पण लार्तिगच्या काळातलं लीफ शटर १/२५० च्या आसपास दम तोडायचं. त्याने गाडीचा नुसता पुसट पट्टा टिपला असता.

एफएम टू घेऊन कुणी १९१३ च्या त्या कडेला उभं राहिलं असतं, तर चाक जवळजवळ गोल आलं असतं. त्याच्या आऱ्या एकेक करून मोजता आल्या असत्या. प्रेक्षक आपापल्या टोप्यांसकट ताठ उभे, खांब ओळंब्यात, रस्त्यावरचा खडा न् खडा स्पष्ट. आणि क्रोके व त्याचा मेकॅनिक भर शर्यतीत, टाकीतलं पेट्रोल संपून, रस्त्याच्या मधोमध गाडी उभी करून बसलेले दिसले असते.